फैजपूरचा रथ आणि न झालेलं मतदान

(धुळे येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच व्यासपीठावर मी खानदेशातल्या जुन्या बाजारपेठांवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एकीचा विषयाशी काडीचा संबंध नव्हता. वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर निळ्या शाईत एकच ओळ: 'सर, सरदार पटेल पहिले पंतप्रधान झाले असते तर?' मी हसलो, 'पुन्हा केव्हातरी' म्हणालो आणि चिठ्ठी खिशात टाकली. दोन दिवसांनी सदरा धुवायला काढताना बायकोला ती सापडली. तिनं ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "याला उत्तर दिलंत का?" दिलं नव्हतं. आज देतो. चिठ्ठी पाठवणारा मुलगा या गर्दीत असेल तर त्यानं मागे बसू नये, पुढे यावं.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना हा विषय अजिबात आवडला नसता. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत 'जर' दिसला की ते अर्धा गुण कापत. माझेही कापलेले आहेत. शिवाय हे गाव राजवाड्यांचं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आयुष्याच्या अखेरीस इथे राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, उंदरांनी कुरतडलेल्या दप्तरांतून ज्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' बाहेर काढली, त्यांच्या गावात येऊन 'असं झालं असतं तर' म्हणायचं, म्हणजे सोनाराच्या दुकानात जाऊन बेन्टेक्सचे दागिने दाखवण्यासारखंच. पण मला वाटतं, जर-तरलाही कागदाची कसोटी लावता येते. घडलेल्या गोष्टीत बदल करायचा तो लहानात लहान करावा. जो पर्याय आपण धरतो, तो त्या वेळच्या माणसांना खरोखर दिसत असला पाहिजे. आणि तो त्यांना दिसत होता याचा कागद असला पाहिजे. टिळक जगले असते तर, गोखले जगले असते तर, हे आपण मराठी लोक चहाबरोबर नेहमी बोलतो. त्यात मजा आहे, पण तिथे बदल मृत्यूत करावा लागतो आणि मृत्यू काही कुणाच्या ठरावानं होत नाही.

या तिन्ही अटींत बसणारा एक प्रसंग आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो १९४७ सालचा नाही आणि दिल्लीतलाही नाही. तो आहे १९३६ सालचा, तेव्हाच्या पूर्व खानदेशातला, यावल तालुक्यातल्या फैजपूरचा.

काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन फैजपूरला भरलं, २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आमच्याकडे हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याचा अर्थच झिजून गेलाय. म्हणून जरा थांबून बघू. मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ अशा शहरांत भरणारी सभा. तिथे वीज, पाणी, हॉटेलं, वकिलांचे बंगले. आणि इथे? सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव, केळीची आणि कापसाची शेतं, जवळचं स्टेशन सावदा. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या बरोबरची मंडळी राबली. अमळनेरची शाळा सोडून चळवळीत आलेले साने गुरुजी गावोगाव फिरले. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी इथल्याच बांबूत सगळी नगरी उभी केली. तिचं नाव टिळकनगर.

माझे आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे होते आणि बांबू चिरायच्या कामावर होते. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, गाठीची जागा कोयत्याच्या पाठीनं ठोकून सपाट करायची, मग कामट्या विणून तट्टे करायचे आणि सुतळीनं बांधायचे. खिळा शक्यतो नाहीच. हाताला इतक्या फासा जायच्या की रात्री भाकरी मोडता यायची नाही, असं ते सांगत. नंदलाल बोस कोण, हे त्यांना मरेपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. 'बंगालचा एक मानूस व्हता, जमिनीवर बसून चित्रं काढे,' एवढंच. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. आम्ही आजोबांना हटकून विचारायचो, "आबा, नेहरू कसे दिसत होते?" ते म्हणायचे, "मले काय दिसतं बापा? मले धूय दिसली, अन् बैलाची शिंगं."

त्या धुळीत रथामध्ये जवाहरलाल नेहरू होते. आता चिठ्ठीकडे येतो. त्या रथात वल्लभभाई पटेल बसण्याची शक्यता होती का? होती. आणि तिचा कागदही आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला नेहरू अध्यक्ष झाले आणि भाषणात समाजवादाचा उघड पुरस्कार केला. जून महिन्यात, २९ तारखेला, वर्किंग कमिटीतल्या सात जणांनी राजीनामे दिले. राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, जयरामदास दौलतराम, जमनालाल बजाज, वल्लभभाई, कृपलानी. सातवं नाव आपल्या माणसाचं आहे: शंकरराव देव. अध्यक्षांच्या समाजवादी प्रचारानं संघटनेचं नुकसान होतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. गांधींनी मध्ये पडून राजीनामे मागे घ्यायला लावले. आणि डिसेंबरात फैजपूरला स्वागताध्यक्ष कोण होते? हेच शंकरराव देव. जूनमध्ये ज्या अध्यक्षांबरोबर काम करता येत नाही म्हणून लिहून दिलं, डिसेंबरात त्यांच्याच स्वागताला उभं राहायचं. फोटोत काही कळत नाही. फोटोत सगळे हारांमध्येच असतात.

या दोन महिन्यांच्या मध्ये, नोव्हेंबरात, फैजपूरच्या अध्यक्षपदाची चर्चा रंगली होती. नेहरूंचं नाव होतंच, राजाजींचंही घेतलं जात होतं आणि वल्लभभाईंचं तर होतंच होतं. नेहरूंनी आपल्याकडून खुलासा केला की ही निवडणूक म्हणजे समाजवादावरचं मतदान असं कुणी समजू नये. वल्लभभाईंनी गांधींच्या सल्ल्यानं नाव मागे घेतलं आणि एक निवेदन काढलं. ते निवेदन कुणीही मिळवून वाचावं. ती माघार आहे आणि बजावणीही. मी नाव मागे घेतो याचा अर्थ जवाहरलालांची सगळी मतं मला मान्य आहेत असा कुणी काढू नये, काही महत्त्वाच्या बाबतींत आमचं पटत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि पुढे असंही की एका माणसाला अध्यक्ष केल्यानं काँग्रेस आपले अधिकार त्याच्या हवाली करत नसते. म्हणजे रथात तुम्ही बसा, कासरा कमिटीकडे राहील.

एक घटकाभर समजू या की माघार घेतली नाही. प्रतिनिधींनी मतं दिली आणि वल्लभभाई निवडून आले. आता धुळेकरांनी नकाशा डोळ्यासमोर आणावा. फैजपूर तापीच्या खोऱ्यात. ही तापी खाली सुरतेला जाते. भुसावळहून सुटलेली तापी व्हॅलीची गाडीही तिकडेच जाते. त्याच सुरत जिल्ह्यात बारडोली. तिथे १९२८ साली सरकारनं सारा वाढवला तो बावीस टक्क्यांनी. वल्लभभाईंनी शेतकरी उभे केले, सरकारला चौकशी नेमावी लागली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. सरदार ही पदवी तिथली. दुसरी गोष्ट, रावेर, यावल, फैजपूर, सावदा या पट्ट्यातला लेवा पाटीदार समाज आपले पूर्वज गुजरातेतून आले असं मानतो. वल्लभभाई करमसदचे लेवा पाटीदार. फैजपूरच्या लोकांना नेहरू हा पाहुणा होता. सरदार घरचा माणूस ठरला असता. आमच्याकडच्या आजीबाईंनी त्यांना 'जेवून जा रे भाऊ' म्हणून हाताला धरून बसवलं असतं आणि कळण्याची भाकरी आणि भरीत खायला घातलं असतं. त्यांचं पोट नाजूक होतं, तेव्हा भरिताबद्दल मी खात्री देत नाही.

पण नात्यानं ठराव बदलत नाहीत. फैजपूरनं शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. खंड आणि सारा कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सारामाफी द्यावी, कर्जवसुली थांबवावी, वेठबिगार आणि सरंजामी देणी बंद करावीत, सहकारी शेतीचा प्रयत्न व्हावा. किसान सभेचं अधिवेशनही तिथेच भरलं होतं. मनमाडहून भुस्कुटे आणि बुखारी यांच्या बरोबर शेतकऱ्यांचा जथा पायी चालत आला होता. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय आले होते. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी पेटली होती आणि फैजपूरच्या शेतात नेहरू स्पेनवर बोलले. आजोबांसारख्यांना त्यातलं काय कळलं असेल ते असो. सरदार स्पेनवर बोलले नसते. साऱ्यावर बोलले असते, आणि ते मात्र सगळ्यांना कळलं असतं. कार्यक्रमातला सहकारी शेतीचा भाग त्यांनी बहुधा बारीक करून टाकला असता. सारामाफी आणि कर्ज ठेवलंच असतं. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले होते आणि सावकाराचं व्याज मात्र तेच राहिलं होतं. बारडोलीच्या सरदारानं ते कसं गाळलं असतं?

आणि प्रत्यक्षात काय झालं ते बघा. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या आणि मंत्रिमंडळ आलं बाळासाहेब खेरांचं. त्यांनी अल्पभूधारकांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा आणि कुळांचा कायदा केला. फैजपूरच्या ठरावाच्या तुलनेत हे सगळं सावध, वकिली, तपासून टाकलेलं पाऊल आहे. पूर्व खानदेशात साने गुरुजी त्याच वर्षांत शेतसारा माफीसाठी आपल्याच पक्षाच्या सरकारसमोर उभे राहिले. म्हणजे रथात नेहरू बसले तरी राज्य बरंचसं सरदारांच्या चालीनं चाललं. कारण निवडणुकीची तिकिटं ज्या पार्लमेंटरी बोर्डातून सुटायची, त्या बोर्डाची सूत्रं वल्लभभाईंकडे होती. अध्यक्ष सभा गाजवत हिंडायचा आणि उमेदवार सरदार ठरवायचे. आजच्या कुठल्याही पक्षातल्या कार्यकर्त्याला विचारा, दोन्हीपैकी काय घ्याल? तो एका क्षणात सांगेल.

म्हणून फैजपूरला सरदार अध्यक्ष झाले असते तर १९३७ मध्ये फार काही बदललं असतं असं मला वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. मतदान झालंच नाही.

जरा मागे जा. १९२९ साली लाहोर अधिवेशनासाठी प्रांतिक कमिट्यांनी नावं सुचवली: दहांनी गांधींचं, पाचांनी वल्लभभाईंचं, तिघांनी जवाहरलालांचं. गांधींनी नकार दिला. साध्या हिशेबानं पुढचा क्रम कुणाचा? पण अध्यक्ष झाले जवाहरलाल. वल्लभभाईंनी मान तुकवली. १९३६ मध्ये फैजपूर, ते आत्ताच पाहिलं. १९३८ साली हरिपुरा. हेही तापीकाठी, बारडोलीच्याच भागात, सरदारांच्या अंगणात. सगळी व्यवस्था सरदारांची, अध्यक्ष सुभाषबाबू. आणि १९४६. तेव्हा अध्यक्ष होईल तोच हंगामी सरकारात पुढे बसणार हे सगळ्यांना दिसत होतं. पंधरापैकी बारा प्रांतिक कमिट्यांनी वल्लभभाईंचं नाव दिलं होतं, असं त्यांच्या चरित्रांत आढळतं. नेहरूंचं नाव एकीनंही दिलं नव्हतं. ते वर्किंग कमिटीतून पुढे आणलं गेलं आणि ते फिरवण्यात आपला हात होता, हे कृपलानींनी पुढे सांगून टाकलंय. गांधींचा कल कळला, वल्लभभाईंनी तिसऱ्यांदा नाव मागे घेतलं. २ सप्टेंबर १९४६ ला हंगामी सरकार आलं ते नेहरूंचं.

तिन्ही वेळा पद्धत एकच होती. नावं येतात, कुजबुज होते, सेवाग्रामकडे किंवा साबरमतीकडे पाहिलं जातं, कुणीतरी मोठ्या मनानं बाजूला होतो आणि निवड 'एकमतानं' होते. आपल्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत असतं ना, 'बिनविरोध करून टाकू, गावात तंटा नको'. दोघांपैकी एकाला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावतात, पाठीवर हात फिरवतात, तो अर्ज मागे घेतो आणि पाच वर्षं मनात ठेवतो. काँग्रेसनं देशपातळीवर तेच केलं.

एकदा मात्र मतं मोजली गेली. २९ जानेवारी १९३९. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्यांना १३७७. मतदानाच्या आधी वल्लभभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारडोलीहून पत्रक काढून सुभाषबाबूंना विनंती केली होती की माघार घ्या, निवड एकमतानं होऊ द्या. जो माणूस दोन वर्षांपूर्वी फैजपूरसाठी स्वतः बाजूला झाला होता, त्याला दुसऱ्यानं बाजूला व्हावं यात काही गैर वाटत नव्हतं. सुभाषबाबू झाले नाहीत, जिंकले, आणि एप्रिल संपायच्या आत त्यांना राजीनामा द्यावा लागला. मोजलेल्या मतांनी जिंकलेला हा अध्यक्ष टिकू शकला नाही, कारण मोजलेल्या मतांची कुणाला सवयच नव्हती.

म्हणून माझा जर-तर असा: १९३६ च्या नोव्हेंबरात वल्लभभाईंनी माघार घेतली नसती, तर. जिंकोत की हरोत. समजा नेहरूच जिंकले, दहा-पंधरा टक्के मतांनी. दोन्ही बाजूंची माणसं फैजपूरला आली, एका बांबूच्या मंडपात बसली, हरलेल्यानं जिंकलेल्याच्या शेजारी बसून सभा पार पाडली. मतभेद आहेत, ते मोजता येतात आणि मोजून झाल्यावर काम चालू राहतं, हे स्वराज्यापूर्वी दहा वर्षं देशानं पाहिलं असतं. १९३९ मध्ये सुभाषबाबूंच्या निवडीकडे मग बंड म्हणून कुणी पाहिलं नसतं. १९४६ मध्ये गांधींचा कल आणि कमिट्यांचा कल वेगळा आहे हे कुजबुजीत राहिलं नसतं. जो बसला असता, तो मतांवर बसला असता. आज ऐंशी वर्षांनी एखादा मुलगा मला चिठ्ठी पाठवतो, ती त्या न मोजलेल्या मतांची थकबाकी आहे.

अशा बारक्या निवडी दूरवर पोचतात, त्याचं एक उदाहरण आपल्याच प्रांतातलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान, तेव्हा तसंच म्हणत, के. एफ. नरिमन होतील असं पुष्कळांना वाटत होतं. ते मुंबईत लोकप्रिय होते. निवड झाली खेरांची. नरिमन यांनी सरदारांवर उघड ठपका ठेवला, गांधी आणि कायदेतज्ज्ञ बहादूरजी यांनी चौकशी केली आणि निकाल नरिमन यांच्या विरुद्ध गेला. पुढे मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात या प्रकरणाबद्दल नाराजी लिहून ठेवली. आता पुढचा दुवा बघा. फाळणीमुळे बाबासाहेब आंबेडकरांची बंगालमधली घटना समितीची जागा गेली. जयकरांच्या रिकाम्या जागेवर त्यांना मुंबईतून निवडून आणावं, म्हणून राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ ला पत्र लिहिलं ते मुंबईच्या मुख्यमंत्र्यांना. म्हणजे खेरांना. खेरांनी ते केलं. कोणत्याही काँग्रेस मुख्यमंत्र्यानं हे केलंच असतं, असं म्हणता येईल. पण दहा वर्षांपूर्वी ज्या खोलीत एक नाव पुढे आलं आणि दुसरं मागे पडलं, त्या खोलीतल्या लोकांना या पत्राची कल्पना असणं शक्य नव्हतं. मला हे साखळीचे दुवे 'नेहरू की पटेल' यापेक्षा जास्त जागं ठेवतात.

बरं, आता मुलाचा मूळ प्रश्न चुकवला असं नको व्हायला. १५ ऑगस्ट १९४७ ला सरदार पंतप्रधान झाले असते तर? पहिल्यांदा कॅलेंडर उघडा. त्यांचा जन्म १८७५ चा, म्हणजे बाहत्तरीला टेकलेले. मार्च १९४८ मध्ये हृदयविकाराचा झटका. १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत मृत्यू. एकूण चाळीस महिने. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाली, तिच्या आधीच ते गेलेले. म्हणजे मतदारांसमोर जाणारा पंतप्रधान कोणीतरी दुसराच असता, आणि तो बहुधा नेहरूच असता. शेजारच्या ब्रह्मदेशात आंग सान यांना १९ जुलै १९४७ ला गोळ्या घातल्या, स्वातंत्र्य जेमतेम साडेपाच महिन्यांवर होतं. पाकिस्तानात जीना वर्षाच्या आतबाहेर गेले, लियाकत अलींना १९५१ मध्ये मारलं. त्या देशांना पहिल्या माणसाची उणीव कशी भासली ते आपण पाहिलं. आपल्याकडे वयाचा हिशेब १९४६ मध्ये कुणी मांडला असेल तर तो फार बोलून दाखवला गेला नाही, पण गांधींच्या मनात तो नसेलच असं मी म्हणणार नाही. नेहरू चौदा वर्षांनी लहान होते.

त्या चाळीस महिन्यांत काय वेगळं झालं असतं? काश्मीर येणार, मला ठाऊक आहे. मी फक्त हैदराबादचं बोलतो, कारण ती सरहद्द आपली होती. चाळीसगाव, पाचोरा ओलांडून अजिंठ्याकडे गेलात की निजामाचा मुलूख. सप्टेंबर १९४८ मध्ये फौजा गेल्या, पाच दिवसांत काम आटोपलं. ते ज्यांनी करवलं ते वल्लभभाई गृहमंत्री होते, पंतप्रधान नव्हते. संस्थानांचं विलीनीकरणही तसंच. म्हणजे त्यांच्या हातून जे सर्वांत मोठं झालं, ते खुर्चीशिवाय झालं. खुर्ची मिळाली असती तर त्यांना परराष्ट्र खात्याच्या तारा वाचत बसावं लागलं असतं आणि संस्थानिकांकडे बघायला दुसरं कुणीतरी नेमावं लागलं असतं. हा फायदा की तोटा?

आझादांना मात्र वेगळं वाटलं. १० जुलै १९४६ ला मुंबईत पत्रकारांशी बोलताना नेहरूंनी कॅबिनेट मिशनच्या योजनेबद्दल जे विधान केलं, त्यामुळे जीनांना माघारीची वाट मिळाली आणि आपण १९४६ मध्ये वल्लभभाईंना पाठिंबा द्यायला हवा होता, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या त्या आत्मकथनाची तीस पानं १९८८ पर्यंत मोहोरबंद होती. हा कागद मोठा आहे. पण राजवाडे समोर असते तर विचारलं असतं, हे लिहिलं केव्हा? घटना घडून दहा वर्षांनी. दहा वर्षांनी प्रत्येकाला शहाणपण येतं. आणि खुद्द गांधींनी तर एप्रिल १९४७ मध्ये माउंटबॅटनना सुचवलं होतं की सरकार बनवायला जीनांनाच बोलवा. नेहरूही नकोत आणि पटेलही. हा पर्याय त्यांना दिसत होता, तोंडानं सांगितला, त्याची नोंद आहे. तिन्ही अटींत बसतो. या जर-तरवर मात्र कुणी चिठ्ठी पाठवत नाही. का बरं?

धुळ्याच्या तुरुंगाचा उल्लेख केल्याशिवाय धुळ्यातून परत जाऊ नये, असा माझा नियम आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनी इथे रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, अठरा रविवार, अठरा अध्याय. जमनालाल बजाज श्रोत्यांत होते. साने गुरुजी मांडी घालून लिहून घेत होते. गुरुजी दुसऱ्या तुरुंगात असते तर 'गीता प्रवचने' नावाचं पुस्तक नसतं, किंवा असतं तर दुसऱ्याच कुणाच्या आठवणीतलं, अर्धवट. वल्लभभाईंना फैजपूरच्या वेळी असा कुणी लिहून घेणारा मिळाला नाही. त्या माघारीच्या आदल्या रात्री ते काय म्हणाले, कुणाजवळ म्हणाले, ते कुणी वहीत उतरवून ठेवल्याचं मला तरी माहीत नाही.

शेवटची एक गोष्ट, नाशिकची. सप्टेंबर १९५० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नाशिकला भरलं, खानदेशच्या उंबऱ्यावर. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये अध्यक्षपदासाठी मतदान झालं, खरंखुरं. सरदारांचे मानले गेलेले पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६ मतं, कृपलानींना १०९२. तिसरे उमेदवार होते आणि त्यांना २०२ मतं मिळाली. ते शंकरराव देव. फैजपूरचे स्वागताध्यक्ष. जूनमध्ये राजीनामा देणारे, डिसेंबरात हार घालणारे, आता तिसऱ्या बाजूला एकटे उभे. या वेळी कुणी कुणासाठी माघार घेतली नाही. नाशिकनंतर तीन महिन्यांच्या आत वल्लभभाई गेले. वर्षभरात टंडन यांनी राजीनामा दिला आणि नेहरू पंतप्रधान असतानाच काँग्रेसचे अध्यक्षही झाले. शंकररावांनी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जे केलं तो वेगळा विषय आहे, आणि त्या वेळी धुळे आणि जळगावनं काय केलं ते तुमच्यातल्या ज्येष्ठांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

अधिवेशन संपल्यावर टिळकनगर उतरवलं. बांबू वाया घालवायची आमच्याकडे रीत नाही. ज्याला जे मिळालं ते त्यानं नेलं. आमच्या जुन्या घरच्या गोठ्याच्या छपराला चार बांबू होते, ते अध्यक्षांच्या मंडपातले आहेत असं आजोबा सांगत. ते खरं की त्यांनी आम्हाला गुंडाळलं, याचा कागद नाही. राजवाड्यांनी ते मानलं नसतं. मी मानतो.

चिठ्ठ्या इकडे पाठवा. पारोळ्याची शेवटची गाडी असलेल्यांनी आधी विचारावं.